दुय्यम प्रतीवरची सही

मी मशिनरी बनवणाऱ्या एका कंपनीत कमर्शियल आणि कॉन्ट्रॅक्ट्स बघते. म्हणजे सेल्सवाले गिऱ्हाईक पटवतात, डिझाइनवाले मशीन काढतात आणि मधे जो जो कागद लागतो तो माझ्या टेबलावरून जातो, ऑफर लेटर, पीओ (गिऱ्हाइकाची लेखी खरेदी ऑर्डर), बँक गॅरंटी, एलडीची (उशिराबद्दल बिलातून कापल्या जाणाऱ्या भरपाईची) भांडणं, सगळं. आज लिहितेय ते एका ऑर्डरबद्दल, जिच्यात सगळी मारामारी एका सहीवर येऊन थांबली होती आणि ती सही करारावर नव्हतीच, पोचेवर होती, निदान करणाऱ्याची समजूत तरी तशीच होती.

आधी ऑफर लेटरबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. ऑफर लेटर म्हटलं की बहुतेकांना नोकरीचं पत्रच आठवतं. ते पण त्याच जातीचं आहे म्हणा, आणि बँकेचं कर्जाचं सँक्शन लेटर पण, खाली "अटी मान्य" म्हणून कर्जदाराने सही केली की बँक आणि तो दोघंही बांधले जातात. आमच्या धंद्यातलं ऑफर लेटर म्हणजे विकणाऱ्याने लेखी सांगायचं, की हे मशीन, या किमतीला, या अटींवर, अमुक तारखेपर्यंत तुम्ही हो म्हणालात तर मी बांधील आहे. ते शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ब्रोशर, किंमतपत्रक, वेबसाइटवरचा दर ही नुसती बोलावणी असतात, या आणि बोला. ऑफर मात्र अशी की समोरच्याने नुसतं "मान्य" लिहून पाठवलं की करार झाला, पुढे आणखी कुणी काही करायची गरज नाही. म्हणून आमच्या ऑफरला रेफरन्स नंबर असतो, तारीख असते, व्हॅलिडिटी असते, काय काय देणार आणि काय देणार नाही याची यादी असते (फाउंडेशन, केबल, क्रेन गिऱ्हाइकाची, हे लिहिलं नाही तर साइटवर जाऊन रडायची वेळ येते), डिलिव्हरीचे आठवडे कधीपासून मोजायचे ते असतं. हे शेवटचं सेल्सवाल्यांना कधी पटत नाही. ते नुसतं "वीस आठवडे" लिहितात. कधीपासून वीस? पीओच्या तारखेपासून, अ‍ॅडव्हान्स जमा झाल्यापासून, की ड्रॉइंग अप्रूव्ह झाल्यापासून? या तीन तारखांत सहज दोन महिन्यांचं अंतर पडतं आणि दर आठवड्याला एलडी चालू असतो. आम्ही लिहितो, अ‍ॅडव्हान्स आणि अप्रूव्ह्ड ड्रॉइंग यातलं जे नंतर मिळेल तेव्हापासून.

तर त्या ऑर्डरची ऑफर मी स्वतः केली होती. गिऱ्हाईक परदेशातलं, मोठं, पहिल्यांदाच आमच्याकडे आलेलं. व्हॅलिडिटी साठ दिवस. किंमत स्टीलच्या निर्देशांकाला बांधलेली, म्हणजे ठरावीक टक्क्यांपलीकडे स्टील वर गेलं तर किंमत वाढणार, खाली आलं तर कमी होणार, दोन्ही बाजूंनी सारखं. उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त पाच टक्के. त्यांचं उत्पादन बुडालं, त्यांचा पुढचा गिऱ्हाईक गेला असल्या अप्रत्यक्ष नुकसानीची जबाबदारी आमची नाही. कायदा आपला, लवाद आपल्याकडे. सगळं छान बारा पानांत.

पीओ आली त्या दिवशी मी सकाळपासून दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाबरोबर मीटिंगमध्ये अडकले होते. बाहेर आले तर सेल्सच्या टेबलांवर नुसता जल्लोष, सेल्स हेड फोनवर कुणाला तरी सांगतोय की ऑर्डर आली, जशीच्या तशी आली, एक पैसा कमी न होता. मी म्हटलं पीओ बघू. पहिलं पान खरंच सुंदर होतं. "आपल्या अमुक क्रमांकाच्या ऑफरच्या संदर्भात आम्ही आनंदाने ऑर्डर देत आहोत", मशीनचं नाव तेच, किंमत तीच, आठवडे तेच. लोक इथेच वाचायचं थांबतात. मी पान उलटलं.

मागच्या बाजूला फिकट राखाडी शाईत, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत त्यांच्या खरेदीच्या अटी. किंमत डिलिव्हरीपर्यंत पक्की, कुठल्याही कारणाने वाढणार नाही. उशीर झाला तर आठवड्याला एक टक्का, कमाल मर्यादेचा उल्लेखच नाही. उत्पादन बुडालं तर भरपाई आमची. कायदा त्यांचा, कोर्ट त्यांचं. आणि एक वाक्य, जे अशा अटींत नेहमी कुठेतरी मधेच दडवलेलं असतं, की विक्रेत्याच्या ऑफरमध्ये याच्याशी विसंगत काही असेल तर ते लागू होणार नाही. शेवटी, दुय्यम प्रत स्वीकृतीदाखल सही-शिक्का करून परत पाठवावी, सात दिवसांत न आल्यास ऑर्डर या अटींसह मान्य आहे असं धरलं जाईल.

मी विचारलं, दुय्यम प्रत कुठाय?

सेल्स कोऑर्डिनेटर म्हणजे अगदी कामसू पोरगा, कुठलंच काम टेबलावर शिळं होऊ देत नाही. तो हसतच म्हणाला, "मॅडम, ती मी सकाळीच सही-शिक्का करून कुरिअरला दिली, बाराच्या पिकअपला गेली पण."

जावक रजिस्टर मागवलं. नोंद होती, डॉकेट नंबर होता, वेळ होती. त्याने स्वतःकडे झेरॉक्स ठेवली होती, ती बघितली. खाली छापील ओळ, "वरील व मागील सर्व अटी आम्हांस मान्य आहेत", त्याच्यावर आमचा गोल शिक्का, त्याची सही, तारीख. तो म्हणत होता, "पण मॅडम, ही तर पोच आहे ना, पीओ मिळाली एवढंच सांगायचं असतं." आणि त्याची फार चूक आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. कारण त्याच्या आधीच्या सगळ्यांनी वर्षानुवर्षं दुय्यम प्रती अशाच सह्या करून पाठवल्यात, कुणी ती ओळ वाचली नाही आणि कधी काही बिघडलंही नाही, कारण गिऱ्हाइकाशी कोर्टात जायची वेळच आली नाही.

इथे एक जुनी केस सांगायलाच हवी, कारण ती अगदी डिट्टो हीच आहे. इंग्लंडमधली बटलर मशीन टूल विरुद्ध एक्स-सेल-ओ, निकाल १९७७ चा. मशीन टूल विकणाऱ्या बटलरने ऑफर दिली, ७५,५३५ पौंड, आणि अटीत लिहिलं की डिलिव्हरीच्या वेळचा भाव लागू होईल, आणि आमच्या अटी गिऱ्हाइकाच्या अटींच्या वर राहतील. खरेदीदाराने स्वतःच्या अटींवर ऑर्डर पाठवली, त्यात भाववाढीचं कलमच नव्हतं, आणि ऑर्डरच्या तळाला फाडून परत पाठवायची एक चिठ्ठी, "तुमची ऑर्डर तिच्यातल्या अटींवर आम्ही स्वीकारतो". बटलरवाल्यांनी ती सही करून पाठवून दिली, सोबत एक पत्र जोडलं की ऑर्डर आमच्या ऑफरनुसार नोंदवत आहोत. मशीन तयार झाल्यावर त्यांनी २,८९२ पौंड भाववाढ मागितली. कोर्ट म्हणालं, नाही मिळणार. तुमची ऑफर ही ऑफर, त्यांची ऑर्डर ही त्यांची उलट ऑफर, म्हणजे बदललेल्या अटींची नवी ऑफर, आणि तुम्ही चिठ्ठीवर सही केलीत म्हणजे त्यांची उलट ऑफर स्वीकारलीत, सोबतचं पत्र फक्त मशीन कुठलं नि किंमत काय एवढंच सांगतं. ऑफरमध्ये कितीही जोरात लिहा की आमच्याच अटी चालतील, खाली सही दुसऱ्याच्या कागदावर केली की संपलं.

म्हणजे आमच्याकडे ती चिठ्ठी आत्ता, त्या क्षणी, कुठल्यातरी कुरिअरच्या पोत्यात होती.

मी आधी विचारलं, स्कॅन मेल केलाय का? कारण मेल गेला असता तर काही बोलायचीच सोय नव्हती. पोरगा म्हणाला, स्कॅन करून फोल्डरमध्ये ठेवलाय, पण ड्रॉइंगची यादी जोडून संध्याकाळी एकदमच पाठवणार होतो. मी म्हटलं, ते फोल्डर तसंच राहू दे, हात लावू नकोस, डिलीटही करू नकोस. डिलीट करणं हा पुरावा लपवल्यासारखा दिसतो, आणि ते करायची काही गरजही नव्हती.

मग वकीलसाहेबांना फोन. आमचे वकीलसाहेब वयस्कर आहेत, घाई कशाचीच नाही, पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो हा, की मला पीओतलं सात दिवसांचं वाक्य वाचून दाखव. वाचलं. म्हणाले, ते सोड, गप्प बसलेल्या माणसावर कुणी असं करार लादू शकत नाही. इंग्लंडात १८६२ मध्ये एका काकाने पुतण्याला लिहिलं होतं, घोड्याबद्दल तुझ्याकडून काही ऐकलं नाही तर घोडा ३० पौंड १५ शिलिंगला माझा झाला असं समजेन. पुतण्याच्या मनात द्यायचंच होतं, पण त्याने उत्तर दिलं नाही, घोडा चुकून लिलावात गेला, काकाने लिलाववाल्यावर दावा केला आणि हरला, कारण उत्तरच गेलं नाही तर करार कुठून आला. फेल्टहाउस विरुद्ध बिंडली. म्हणजे आपण गप्प बसलो असतो तर उलट बरे होतो, असं म्हणून साहेब स्वतःशीच हसले. मला हसू येत नव्हतं.

मग खरा मुद्दा. सही केलेली प्रत वाटेत आहे, पोचली नाही. आता परत घेता येते का?

याचं उत्तर कुठला कायदा लागतो यावर अवलंबून आहे, आणि कुठला कायदा लागतो हेच तर भांडणात होतं, आमच्या ऑफरमध्ये आपला, त्यांच्या पीओत त्यांचा. साहेबांनी तिन्ही बाजू सांगितल्या. इंग्लिश कायद्यात १८१८ पासून, अ‍ॅडम्स विरुद्ध लिंडसेल, लोकरीच्या सौद्याची केस, स्वीकृतीचं पत्र पोस्टात पडलं की त्याच क्षणी करार. १८७९ मध्ये तर एका केसमध्ये पत्र पोचलंच नाही, वाटेत हरवलं, तरी करार झाला असं ठरलं. हा नियम पोस्टाचा, खासगी कुरिअरला तो लागतो का यावर वाद घालता येईल, पण वादाच्या भरवशावर ऑर्डर कोण घेणार. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात गंमत आहे, कलम ४ आणि ५. स्वीकृती टाकली की ऑफर देणारा अडकतो, पण स्वीकारणारा मात्र ती समोरच्याच्या माहितीत येईपर्यंत अडकत नाही, तोवर जास्त वेगाने निरोप पाठवून तो परत घेऊ शकतो. आणि तिसरा, आंतरराष्ट्रीय मालविक्रीचा व्हिएन्ना करार, १९८० चा, १९८८ पासून लागू. भारत त्यात सामील नाही, पण समोरच्यांचा देश आहे, आणि पीओत कायदा त्यांचा म्हणजे तो मागच्या दाराने आपल्याला लागू शकतो. त्यात साफ आहे, स्वीकृती पोचल्यावर लागू होते, आणि ती लागू व्हायच्या आधी किंवा त्याच वेळी माघारीचा निरोप पोचला तर स्वीकृती मागे.

"म्हणजे," साहेब म्हणाले, "दोन कायद्यांत तुझा मेल कुरिअरच्या पुढे पळाला की तू सुटलीस. इंग्लिश कायद्यात कदाचित नाही, पण मेल केल्याने तिथेही काही बिघडत नाही. तर मग फोनवर काय बसलीस?"

मी म्हटलं, सही करणारा ऑथोराइज्ड सिग्नेटरी नाही, तो मुद्दा घेऊ का? ते म्हणाले घे हवा तर, पण त्याच्यावर विसंबू नकोस. कंपनीचा शिक्का त्याच्या ड्रॉवरमध्ये असतो, तो सेल्सच्या टेबलावर बसतो, गिऱ्हाइकाचे मेल तोच बघतो, समोरच्याने त्याला अधिकार आहे असं का समजू नये?

फोन ठेवताना त्यांनी अजून एक विचारलं, काम सुरू केलंय का? आणि मला घाम फुटला. कारण आमच्याकडे पीओ आली की सेल्स पहिलं काय करतं तर प्लॅनिंगला सांगतं. मी धावत प्लॅनिंगला गेले. तिथे जॉब नंबर उघडला होता, प्लेटची इंडेंट (माल मागवायची मागणी) टाइप होत होती, खरेदीला गेली नव्हती. मी सांगितलं, थांबवा, आणि थांबवल्याची वेळ टाकून मला मेल करा. प्लॅनिंगवाल्याला कळेना की आलेली ऑर्डर कोण थांबवतं. त्याला समजावून सांगायला वेळ नव्हता पण इथे सांगते. सही न करता नुसतं काम सुरू करणं हीसुद्धा स्वीकृती असते. १८७७ मध्ये ब्रॉगडेन विरुद्ध मेट्रोपॉलिटन रेल्वे, कोळशाचा सौदा, कराराचा मसुदा पुरवठादाराने भरून, मंजूर म्हणून परत पाठवला, रेल्वेच्या माणसाने तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि सही राहिलीच. कोळसा मात्र त्याच मसुद्यातल्या भावाने येत राहिला, बिलं त्याच भावाने चुकती होत राहिली. भांडण झाल्यावर कोर्ट म्हणालं, कागद ड्रॉवरमध्ये असला म्हणून काय, वागणूक बघा, करार आहे. तेव्हा त्यांच्या पीओनंतर आम्ही प्लेट कापायला घेतली असती तर माघारीच्या मेलला काही अर्थच उरला नसता.

आता मेल. आणि इथे सेल्स हेडबरोबर जी जुंपली ती मी विसरणार नाही. तो म्हणत होता, "गिऱ्हाईक पहिल्यांदा आलंय, पहिल्याच दिवशी आपण सही मागे घेतो म्हणायचं? ऑर्डर जाईल. तू अटी वाचतेस, मी माणसं वाचतो. हे लोक कधी एलडी लावत नाहीत." मी म्हटलं, एलडी लावत नाहीत तर मग मर्यादा घालायला त्यांची हरकत नसावी. यावर तो चिडला. त्याच्या बाजूने सांगायचं तर त्याचं दुखणं खरं होतं, दीड वर्ष तो या गिऱ्हाइकाच्या मागे होता, आणि कमर्शियलवाले आयत्या वेळी येऊन पाणी ओततात हा त्याचा अनुभव खोटा नाही. शेवटी मी त्याला हिशोब मांडून दाखवला. डिलिव्हरी दहा आठवडे लांबली, आणि आमच्याकडे पहिल्या मशीनला लांबते, तर त्यांच्या अटींनी दहा टक्के गेले, ज्यात आमचं मार्जिन संपतं, आणि वर त्यांचं बुडालेलं उत्पादन किती दिवसांचं आणि किती रकमेचं ते ते सांगणार, आम्ही नाही. हे त्याने एमडीसमोर ऐकलं आणि मग म्हणाला, लिही, पण भाषा मला दाखव.

भाषा मी त्याला दाखवली आणि त्याने ती चांगली केली हे मान्य करते. माझ्या मसुद्यात पहिल्याच ओळीत "माघार" होती. त्याने पहिली ओळ आभाराची केली. पण पुढचे मुद्दे मी हलू दिले नाहीत. एक, आज अमुक डॉकेटने निघालेली सही-शिक्क्याची प्रत ही पीओ मिळाल्याची पोच म्हणून पाठवली आहे, पीओच्या मागील अटी स्वीकारण्याचा आमचा हेतू नाही. दोन, तरीही ती प्रत स्वीकृती समजली जाणार असेल तर ती पोचण्याआधीच या मेलने आम्ही ती मागे घेत आहोत. तीन, आमची ऑफर त्याच सर्व अटींवर आम्ही या मेलने नव्याने देत आहोत, अमुक तारखेपर्यंत.

हा तिसरा मुद्दा सेल्स हेडला कळेना. "साठ दिवस संपले नाहीत अजून, नव्याने कशाला?" हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून थोडं थांबून सांगते. उलट ऑफर आली की मूळ ऑफर मरते, व्हॅलिडिटी शिल्लक असली तरी. १८४० ची हाइड विरुद्ध रेंच. शेत १,००० पौंडांना देऊ केलं, घेणारा म्हणाला ९५०, देणाऱ्याने नकार दिला, मग घेणारा म्हणाला बरं, १,००० ला घेतो. कोर्टाने सांगितलं, आता नाही, ९५० म्हणताच १,००० ची ऑफर संपली. (नुसतं विचारणं वेगळं हां, की हप्त्याने पैसे चालतील का वगैरे, त्याने ऑफर मरत नाही, १८८० च्या एका लोखंडाच्या सौद्यात ते ठरलंय, म्हणून मी खरेदी बघणाऱ्या मित्रमैत्रिणींना सांगते की घासाघीस करायची तर प्रश्नचिन्हाने करा.) त्यांची पीओ दिसायला स्वीकृती होती पण अटी बदललेल्या म्हणजे आतून उलट ऑफर. व्हिएन्ना करारात तर यादीच दिलीय कुठले बदल मोठे धरायचे, किंमत, पैसे देण्याची पद्धत, दर्जा, संख्या, डिलिव्हरीची जागा आणि वेळ, जबाबदारीची व्याप्ती, वाद मिटवण्याची पद्धत. त्यांच्या पीओत त्यातल्या निम्म्या तरी बदलल्या होत्या. म्हणजे त्या संध्याकाळी टेबलावर जिवंत असलेली ऑफर एकच होती, त्यांची. आम्ही नुसतं "नाही" म्हटलं असतं तर टेबल रिकामं झालं असतं आणि सेल्स हेडची भीती खरी ठरली असती. म्हणून नव्याने.

चौथा मुद्दा, दोन्ही बाजूंनी एकाच कागदावर सही होईपर्यंत आम्ही उत्पादन सुरू करत नाही आहोत.

मेल संध्याकाळी गेला, त्यांच्या पीओवर छापलेल्या पत्त्यावर आणि खरेदीप्रमुखाच्या नावाने. मग मी फोन पण केला. एक तर तोंडी निरोपही चालतो, आणि दुसरं म्हणजे असला मेल न सांगता कुणाच्या इनबॉक्समध्ये टाकणं बरं दिसत नाही. खरेदीप्रमुख बाई होत्या, आवाजावरून तरी बऱ्याच अनुभवी. मी सांगितलं काय झालंय ते. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमचं कुरिअर अजून आलेलं नाही. तुमचा मेल समोर उघडा आहे." मी म्हटलं, एवढं मला उत्तरात लिहून द्याल का? त्यांनी दिलं! एक ओळ, मेल मिळाला, कुरिअर अजून आलेलं नाही, कायदा विभागाकडे पाठवतो. त्या एका ओळीची प्रिंट मी फाइलला लावली. त्यात माघार मान्य केली असं काही नव्हतं, पण मेल पोचला आणि कुरिअर पोचलं नाही या दोन्ही गोष्टींची वेळ ठरली, आम्हाला तेवढंच हवं होतं.

पुढचा आठवडा कटकटीचा गेला. त्यांच्या कायदा विभागाचं पहिलं उत्तर आलं ते अपेक्षेप्रमाणे, सही झालेली आहे, करार झालेला आहे. आमच्या साहेबांनी तीन परिच्छेदांत उत्तर दिलं, त्यात त्यांच्याच देशाच्या कायद्याने, म्हणजे व्हिएन्ना कराराने, माघार वेळेत पोचली हे लिहिलं, आपल्या कायद्याचा उल्लेखच केला नाही. मला ते फार आवडलं. त्यानंतर सूर बदलला, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही मशीन हवंच होतं, त्यांच्या प्लांटची तारीख ठरलेली होती, भांडून त्यांचा फायदा नव्हता.

शेवटी ना आमची ऑफर राहिली ना त्यांची पीओ, तिसराच कागद झाला, रीतसर अ‍ॅग्रीमेंट, आणि त्यात सर्वांत आधी कागदांचा क्रम, आधी हे अ‍ॅग्रीमेंट, मग तांत्रिक अ‍ॅनेक्शर, मग बाकी सगळं, पीओ आणि ऑफरच्या छापील अटी लागू नाहीत. स्टीलचं कलम राहिलं, पण पट्टा आम्ही मागितला होता त्यापेक्षा रुंद, म्हणजे छोटी वाढ आमच्या खिशातून. एलडी त्यांनी आठवड्याला एक टक्काच ठेवला, मर्यादा सात टक्के. पाच मिळाले असते तर बरं होतं. अप्रत्यक्ष नुकसानभरपाईचं त्यांचं कलम गेलं. कायदा दोघांचाही नाही, तिसऱ्या देशाचा, आणि लवादही तिथेच. यावर सेल्स हेड म्हणाला आता भांडायचं झालं तर विमानाचं तिकीट काढावं लागेल, म्हटलं म्हणूनच तर दोघंही भांडणार नाहीत.

मशीन चार आठवडे उशिरा गेलं. चार टक्के कापले गेले, बिलातून, न विचारता. जे कधी एलडी लावत नाहीत त्यांनी.

आता आमच्याकडे दुय्यम प्रत माझ्या सहीशिवाय जात नाही, आणि पोच द्यायची तर आमचं स्वतःचं दोन ओळींचं पत्र आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की ही फक्त मिळाल्याची पोच, पीओच्या अटींबद्दल वेगळं कळवू. तो कोऑर्डिनेटर आता मागचं पान आधी वाचतो, मागच्या महिन्यात एका पीओतली अट त्याने पकडली जी माझ्या नजरेतून गेली असती की नाही सांगता येत नाही, फॉन्ट इतका बारीक होता. शिक्का कुणाकडे असावा यावर मात्र अजून एकमत नाही. मी म्हणते कमर्शियलकडे, सेल्स म्हणतं मग साध्या डिलिव्हरी चलनाला पण तुमच्या दारात रांग लावायची का, आणि डिस्पॅचवाले दोघांवर वैतागलेत. एमडींनी सांगितलंय दोन शिक्के करा, एक "मिळाले" एवढंच लिहिलेला. नमुना बनवायला टाकलाय, त्यात तारखेची जागा ठेवायची राहिलीय म्हणून परत पाठवलाय.